राणीच्या बागेत लहान मुलांसह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईच्या भायखळ्यातील राणीची बाग, तिला लागून असलेले संग्रहालय आणि तेथून सहज गाठता येणारी ठिकाणे यांविषयी लहान मुलांचे आई-वडील, आजी-आजोबा आणि सुट्टीत मुंबईला येणारे पाहुणे जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे लिहिताना साधारण दोन ते दहा वर्षांची मुले डोळ्यांसमोर ठेवली आहेत. एकाच मुद्द्याची पुनरुक्ती टाळण्यासाठी जेथे आवश्यक तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. राणीची बाग, जिजामाता उद्यान, व्हिक्टोरिया गार्डन आणि भायखळ्याचे प्राणिसंग्रहालय ही एकच जागा आहे का?

होय. पूर्वीचे व्हिक्टोरिया गार्डन म्हणजेच आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान व प्राणिसंग्रहालय. व्हिक्टोरिया राणीच्या नावावरून रूढ झालेले ‘राणीची बाग’ हे नाव मात्र मुंबईकरांनी सोडलेले नाही, आणि टॅक्सीवाल्यालाही तेच सांगावे. येथे आधी वनस्पती आल्या आणि प्राणी नंतर, हे पुष्कळांना ठाऊक नसते. शिवडीला ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग होती. ती जागा दफनभूमीसाठी द्यावी लागल्याने भायखळ्याला नवी बाग उभारण्यात आली आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. १८७३ पासून ती महापालिकेकडे आहे. सुमारे ५० एकरांच्या या आवारात तीन हजारांहून अधिक झाडे आहेत. म्हणून ही बाग ‘पिंजऱ्यांच्या मधे थोडी झाडी’ अशा दृष्टीने न पाहता वनस्पती उद्यान म्हणून पाहिली, तर लहान मुलांसह घालवलेला दिवस पुष्कळ अधिक समृद्ध होतो.

२. बाग किती वाजता उघडते आणि आठवड्याची सुट्टी कोणती?

पर्यटकांसाठी बाग सकाळी साडेनऊला उघडते आणि संध्याकाळी सहाला बंद होते. तिकीटखिडकी मात्र त्याच्या बरीच आधी बंद होते, त्यामुळे साडेचारनंतर घरून निघण्यात अर्थ नाही. साप्ताहिक सुट्टी बुधवारी असते आणि बागेला लागून असलेले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयही बुधवारीच बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आल्यास काय होते, यासाठी प्रश्न १८ पाहा.

३. तिकीट किती आहे? लहान मुलांना तिकीट लागते का?

२०१७ मध्ये दर बदलले तेव्हा मोठ्यांना ५० रुपये, तीन ते बारा वर्षांच्या मुलांना २५ रुपये आणि आई, वडील व दोन मुले अशा कुटुंबाला मिळून १०० रुपये असे तिकीट ठरले. तीन वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. पेंग्विन पाहण्यासाठी वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत. निघण्यापूर्वी प्राणिसंग्रहालयाच्या संकेतस्थळावर चालू दर पाहून तेथेच तिकीट काढणे उत्तम, कारण रविवारी खिडकीपुढची रांग उन्हात असते आणि दिवसातील पहिली रडारड तेथेच सुरू होते. संग्रहालयाचे तिकीट वेगळे असून ते अगदी माफक आहे.

४. लोकलने कसे जावे? मुलांना घेऊन गर्दीत जाणे जमेल का?

मध्य रेल्वेचे भायखळा हे सर्वांत जवळचे स्थानक असून जलद गाड्याही तेथे थांबतात. पूर्वेला उतरून मोठ्या माणसाच्या चालीने दहा-बारा मिनिटे लागतात, तीन वर्षांच्या मुलाच्या चालीने त्याच्या दुप्पट धरावीत. पश्चिम रेल्वेने येणाऱ्यांनी दादरला आणि हार्बर मार्गाने येणाऱ्यांनी कुर्ल्याला गाडी बदलावी. उपनगरी गाड्यांत पाच वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही आणि पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धे तिकीट लागते.

गर्दीबाबत एक नियम पाळला तर बहुतेक अडचणी टळतात. कामाच्या दिवशी सकाळची गर्दी दक्षिणेकडे जाणारी आणि संध्याकाळची उपनगरांकडे परतणारी असते. त्यामुळे उपनगरांतून येणाऱ्यांनी साडेआठ ते साडेदहाच्या दरम्यान गाडीत चढणे टाळावे आणि परतताना पाच वाजायच्या आत फलाटावर असावे. बाबागाडी मिटवून काखेत मारता येण्याजोगीच आणावी. स्थानकावर उतरल्यावर दोन मिनिटे थांबून इमारत जरूर पाहावी. १८५७ सालच्या या वास्तूचे जतन ज्या काळजीने झाले, त्याबद्दल तिला २०२२ मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा वारसा जतन पुरस्कार मिळाला आहे.

५. पूर्ण बाग पाहायला किती वेळ लागतो? कोणत्या वेळी जावे?

लहान मुलांसह ‘पूर्ण बाग’ हे उद्दिष्टच ठेवू नये. तीन तास ही चांगली मर्यादा आहे. चार वर्षांखालील मूल असेल तर दोन तासही पुरेत. दरवाजा उघडतानाच आत जाणे सर्वांत चांगले, कारण तेव्हा ऊन कमी असते, प्राणी हालचाल करत असतात आणि मुलेही ताजीतवानी असतात.

आमच्या मते क्रम असा असावा: आधी पेंग्विन, कारण तेथील रांग तासागणिक वाढते. मग पक्षीविहार आणि एक-दोन मोठे प्राणी. त्यानंतर सावलीत बसून खाणे आणि झाडे. ऊन तापल्यावर संग्रहालयाच्या छताखाली अर्धा-पाऊण तास. पुष्कळ कुटुंबे याच्या उलट करतात, म्हणजे भर दुपारी पिंजऱ्यांपुढे उभी राहतात आणि ‘वाघ झोपलेलाच होता’ अशी तक्रार घेऊन परततात. मे महिन्याची सुट्टी, दिवाळीची सुट्टी आणि नाताळ ते नववर्षाचा आठवडा या काळात, विशेषतः रविवारी, गर्दी इतकी असते की कडेवरच्या मुलाला माणसांच्या पाठींखेरीज काही दिसत नाही. मंगळवार किंवा शुक्रवारची सकाळ मिळाली तर ती सोडू नये.

६. पेंग्विन नक्की दिसतात का? मुंबईच्या उकाड्यात ते कसे राहतात?

दिसतात, आणि अगदी जवळून दिसतात. २०१६ च्या जुलैमध्ये दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन येथे आणले गेले आणि मार्च २०१७ मध्ये त्यांचे दालन लोकांसाठी खुले झाले. त्यानंतर येथेच पिल्लेही जन्मली आहेत. दालनातील तापमान सुमारे १६ ते १८ अंश सेल्सिअस राखले जाते. एवढेच का, बर्फ का नाही, असे मुले विचारतातच. हम्बोल्ट पेंग्विन बर्फाच्या प्रदेशातले नाहीत. ते पेरू आणि चिलीच्या खडकाळ किनाऱ्यांवर राहतात. तेथून वाहणाऱ्या थंड सागरी प्रवाहात त्यांना मासळी मिळते आणि त्या प्रवाहाचेच नाव त्यांना मिळाले आहे.

काचेपुढे फार वेळ थांबू देत नाहीत, म्हणून मुलांना काय पाहायचे ते रांगेतच सांगून ठेवावे. छातीवरचा काळा पट्टा, पोटावरचे ठिपके (प्रत्येक पक्ष्याची ठिपक्यांची ठेवण निराळी असते) आणि पाण्यात शिरताच बदलणारी चाल. जमिनीवर अडखळत चालणारा हा पक्षी पाण्यात शिरला की पंखांनी उडाल्यासारखा पोहतो, आणि तो क्षण काचेच्या खालच्या भागातून, म्हणजे नेमका मुलांच्या उंचीवरून, चांगला दिसतो. काचेवर टकटक करू नये आणि फ्लॅश वापरू नये.

७. पेंग्विनशिवाय कोणते प्राणी आहेत? बऱ्याचदा पिंजरे रिकामे दिसतात, असे का?

वाघ, बिबट्या, तरस, अस्वल, पाणघोडा, हरणांचे काही प्रकार, मगरी आणि माणसांना आत शिरून फिरता येईल असा मोठा पक्षीविहार ही मुख्य आकर्षणे आहेत. पक्षीविहार तान्ह्या मुलांनाही आवडतो, कारण मधे जाळी नसते आणि पक्षी डोक्यावरून जातात.

‘रिकामे’ वाटणारे पिंजरे बहुधा रिकामे नसतात. पूर्वीच्या गजांच्या कोठड्यांत प्राण्याला लपायला जागाच नव्हती. आता झाडोरा, खडक आणि पाणी असलेली मोठी आवारे आहेत आणि त्यांत दडण्याचा हक्क प्राण्याला मिळाला आहे. शिवाय तरस निशाचर असते, वाघ दिवसाचा मोठा भाग झोपून काढतो आणि पाणघोडा दिवसभर पाण्यात बुडून रात्री चरायला निघतो. त्यामुळे एकाच आवारापाशी पाच मिनिटे शांत उभे राहण्याची सवय मुलांना लावावी. पाणघोड्याचे कान आणि नाकपुड्या पाण्याबाहेर येईपर्यंत थांबलेले मूल पुढच्या पिंजऱ्यापाशी आपणहून थांबते. वयाने अगदी लहान मुलांसाठी दोन किंवा तीन प्राणी पुरेसे आहेत.

८. माझ्या मुलाला झाडांत काहीच रस नाही. त्याला बागेत काय दाखवू?

हा प्रश्न आम्हाला सर्वाधिक येतो, म्हणून उत्तर सविस्तर देत आहोत. मुलाला झाडात रस नसतो तो झाडाचे नाव सांगितले तर. झाडाने काय केले आहे हे दाखवले की रस येतो. राणीच्या बागेत अशी दाखवण्यासारखी झाडे पुष्कळ आहेत. बऱ्याच झाडांवर नावाच्या पाट्या आहेत, त्यामुळे पालकांना वनस्पतिशास्त्र येण्याची गरज नाही.

सुरुवात कैलासपतीपासून करावी. या झाडाची फुले फांद्यांच्या टोकाला येत नाहीत. खोडातूनच दोरखंडासारखे वाकडेतिकडे देठ फुटतात आणि त्यांवर मूठभर आकाराची गुलाबी-केशरी, मांसल पाकळ्यांची फुले लागतात. खाली पडलेले फूल उचलून मुलाच्या तळहातावर ठेवावे. पाकळ्यांच्या मधे एका बाजूने वाकून आलेला पुंकेसरांचा फणा दिसतो आणि त्याखाली पिंडीसारखा लहानसा गोल भाग. नाव कैलासपती का, हे आजीने सांगायच्या आत मूल सांगते. वास गोड आणि दाट असतो, आणि तो हाताला बराच वेळ राहतो. त्याच झाडावर तोफेच्या गोळ्यांसारखी तपकिरी फळे लटकत असतात. ती जड असतात आणि अवचित पडतात, म्हणून झाडाच्या अगदी खाली बसू नये. फुटलेल्या फळाची दुर्गंधी हा मुलांच्या दृष्टीने बागेतील मोठाच आनंद आहे.

कृष्णवडापाशी पान हातात घेऊन पाहावे. पानाच्या देठाजवळ खिसा तयार झालेला असतो, एक बोट आत जाईल एवढा. यशोदा आली तेव्हा कृष्णाने लोणी या पानात लपवले, अशी कथा आहे. तीन वर्षांच्या मुलाला त्यापुढचे वनस्पतिशास्त्र नको असते. सात वर्षांच्या मुलाला साध्या वडाचे सपाट पान शेजारी धरून दोन्हींतला फरक शोधायला सांगावा.

गोरखचिंच हे मूळचे आफ्रिकेतले झाड. त्याच्या फुगीर खोडात पाणी साठते. खोडाला मिठी मारायला किती माणसे लागतील याचा अंदाज मुलांनी आधी सांगावा आणि मग घरच्यांनी हात धरून मोजून पाहावे. उन्हाळ्यात ते निष्पर्ण असते. त्याची पांढरी फुले रात्री उमलतात आणि वटवाघळे त्यांचे परागीभवन करतात, म्हणून दिवसा गेलेल्यांना झाडाखाली कोमेजलेली फुलेच मिळतात. मेणबत्तीच्या झाडाला खोडावरच पिवळट, लांबट, खऱ्याखुऱ्या मेणबत्तीसारखी फळे लटकतात. ती शोधण्याचा खेळ पाच मिनिटे सहज चालतो.

शेवटी उर्वशी. ब्रह्मदेशातून आलेले हे झाड भारतात क्वचितच आढळते. फुलांचे लांब लोंबते झुबके, लाल पाकळ्यांवर पिवळा ठिपका आणि कोवळ्या पानांची तपकिरी, लुळी, सुकल्यासारखी दिसणारी झुंबरे. कोवळी पाने मरगळलेली दिसतात पण मेलेली नसतात, काही दिवसांत ती ताठ आणि हिरवी होतात. हे झाड पाहायला दूरदूरून वृक्षप्रेमी येतात. त्याच्या फुलांना हात लावू नये, हे मुलांना आधीच सांगावे.

एका भेटीत तीन झाडे पुरेत. सगळी दाखवण्याचा आग्रह धरला की बागेची शाळा होते.

९. फुले पाहायची असतील तर कोणता महिना चांगला?

फेब्रुवारी ते मे हा काळ सर्वांत रंगीत. उर्वशी हिवाळ्याच्या शेवटी बहरते, काटेसावर आणि पांगारा साधारण त्याच सुमारास, सीताअशोक फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, बहावा एप्रिल-मेमध्ये. महाराष्ट्राचे राज्यपुष्प असलेले ताम्हणही उन्हाळ्यातच जांभळे होते. कैलासपती जवळजवळ वर्षभर फुलतो. महापालिकेचे झाडे, फुले, फळे व भाजीपाला यांचे वार्षिक प्रदर्शन हिवाळ्याच्या शेवटी, साधारण जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीस, याच बागेत भरते. ते प्रेक्षणीय असते, परंतु त्या दिवसांत बाबागाडी आणू नये.

१०. बाबागाडी चालते का? शौचालये आहेत का?

मुख्य रस्ते फरसबंद आणि बहुतांश सपाट आहेत, त्यामुळे बाबागाडी आणि चाकाची खुर्ची दोन्ही चालतात. शौचालये आवारात आहेत. आत शिरताच नकाशाच्या फलकाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, म्हणजे ‘आई, शू’ या आणीबाणीत धावपळ होत नाही. लंगोट बदलण्यासाठी अंथरायला एक प्लास्टिकचे कापड आणि वापरलेले लंगोट घरी नेण्यासाठी पिशवी जवळ असावी.

११. घरचा डबा नेता येतो का? आसपास खायला काय मिळते?

आत उपाहारगृह आहे. घरून काही नेणार असाल तर प्रवेशद्वारावरील तपासणीत जे सांगतील ते मान्य करावे. प्लास्टिकच्या पिशव्या आणि वेष्टने घरीच ठेवावीत आणि पाण्यासाठी स्टीलची बाटली न्यावी. लहान मुलांसाठी पोळीचा लाडू, ठेपले, केळी असे हातात धरून खाता येणारे आणि न सांडणारे पदार्थ सोयीचे. कावळे धीट आहेत, उघडा डबा मांडून गप्पा मारत बसू नये. बाहेर पडल्यावर भूक शिल्लक असेल तर आंबेडकर रस्त्याने उत्तरेला लालबागची चिवडा गल्ली टॅक्सीने थोड्याच अंतरावर आहे. परतीच्या खाऊसाठी तिच्याइतकी चांगली जागा या भागात दुसरी नाही.

१२. प्राण्यांना खाऊ घालता येतो का? मूल फारच हट्ट करते.

नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३८-जे या कलमानुसार प्राणिसंग्रहालयातील प्राण्यांना खाऊ घालणे, चिडवणे, आवाज करून त्रास देणे आणि आवारात कचरा टाकणे हा गुन्हा आहे. हरणाच्या पोटात गेलेली प्लास्टिकची पिशवी त्याचा जीव घेऊ शकते, एवढे पाच वर्षांच्या मुलाला समजते. अडचण बहुधा मुलांची नसते. केळे पुढे करणारे हात मोठ्यांचेच असतात.

१३. पावसाळ्यात जावे का?

रिमझिम पावसात बाग फार सुंदर दिसते. गर्दी नसते आणि पाणपक्षी खुशीत असतात. मुसळधार पावसात किंवा वादळी वाऱ्यात मात्र जाऊ नये, कारण येथील झाडे जुनी आणि उंच आहेत व फांदी कोसळण्याचा धोका असतो. येण्या-जाण्याचाही विचार करावा. बागेबाहेरचा आंबेडकर रस्ता पुढे हिंदमाता परिसरातून जातो आणि तेथे पाणी तुंबणे मुंबईकरांना नवे नाही. हवामान खात्याने इशारा दिला असेल आणि त्याच वेळी मोठी भरती असेल, तर बेत पुढे ढकलावा. गणेशोत्सवात लालबाग-परळच्या बाजूने टॅक्सीने येऊ नये, त्या दिवसांत लोकलच बरी.

१४. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय लहान मुलांना कंटाळवाणे होईल का?

पाटी वाचत फिरलात तर होईल. १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झालेले हे मुंबईतील सर्वांत जुने संग्रहालय आहे. पूर्वी ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम या नावाने ओळखले जाई. १९७५ मध्ये त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव दिले गेले. गोव्यातील मांद्रे गावी जन्मलेले भाऊ दाजी हे वैद्य, संशोधक आणि हे संग्रहालय उभे राहावे म्हणून झटणाऱ्यांपैकी एक होते.

मुलांच्या दृष्टीने येथील खजिना म्हणजे मातीच्या लहान लहान प्रतिकृती. निरनिराळ्या व्यवसायांतील माणसे, निरनिराळ्या समाजांचे पोशाख आणि पगड्या, गावातील प्रसंग, जहाजांचे नमुने, गंजिफाची (जुन्या पत्त्यांच्या खेळाची) गोल पाने. वीतभर उंचीच्या या माणसांपुढे मुले चांगली रमतात. ‘डोक्यावर सर्वांत मोठे पागोटे कोणाचे’ किंवा ‘कोणाच्या हातात काय अवजार आहे’ असे शोधायला सांगावे. अर्धा तास पुरे. इमारतीची जुनी फरशी, रंगवलेले खांब आणि सोनेरी छत मोठ्यांनी तेवढ्यात पाहून घ्यावे. दुरुस्तीसाठी ही वास्तू मधल्या काळात दीर्घकाळ बंद होती, म्हणून जाण्यापूर्वी दालने खुली असल्याची खात्री करावी.

१५. घारापुरीचा हत्ती आणि काळा घोडा येथे आहेत म्हणतात, ते खरे का?

दोन्ही येथेच आहेत. संग्रहालयाजवळचा दगडी हत्ती मूळचा घारापुरी बेटावरचा. त्याला पाहूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटले. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना तुकडे झाले. पुढे ते मुंबईला आणले गेले आणि १९१४ मध्ये जोडून हा हत्ती पुन्हा उभा करण्यात आला. मुलांना त्याच्या अंगावरचे सांधे बोटाने दाखवून कोणता तुकडा कोठे जोडला असेल हे विचारावे. हा खेळ त्यांना जिवंत प्राण्याइतकाच आवडतो.

काळा घोडा म्हणजे सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा. तो १९६५ मध्ये फोर्टमधून हलवून येथे आणला आणि आता संग्रहालयाच्या मागच्या बाजूला आहे. फोर्टमध्ये आज दिसतो तो स्वाराविना घोडा २०१७ मध्ये बसवलेला, वेगळा आहे.

१६. त्याच दिवशी आणखी एखादे ठिकाण करावे का? कोणते?

पाच वर्षांखालील मुले असतील तर बाग आणि संग्रहालय एवढेच करावे. त्याहून मोठ्यांसाठी पुढीलपैकी एकच निवडावे.

वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र टॅक्सीने जवळ आहे. १९८५ मध्ये सुरू झालेल्या या केंद्रात हात लावून, फिरवून, ओढून पाहण्याची उपकरणे आहेत आणि बाहेर मोकळी विज्ञान बागही आहे. सहा वर्षांपुढील मुलांना आमची पहिली पसंती हीच. भायखळ्याहून लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जाऊन फोर्टमधील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेल्यास तेथे २०१९ पासून मुलांसाठी स्वतंत्र संग्रहालय आहे. मलबार हिलवरील कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट आणि समोरचे हँगिंग गार्डन संध्याकाळी चांगले. जवळच्या झाडीतून जाणारा उन्नत निसर्गमार्ग मार्च २०२५ मध्ये सुरू झाला असून त्यासाठी आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. झाडांची गोडी लागलेल्या मुलांना दुसऱ्या एखाद्या दिवशी शीव-धारावीजवळच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात न्यावे. कचराभूमीवर उभे केलेले ते जंगल राणीच्या बागेपेक्षा अगदी निराळे आहे.

मरीन ड्राइव्हचे तारापोरवाला मत्स्यालय मात्र बेतात धरू नये. मोडकळीस आल्यामुळे ते बंद झाले आहे. आजी-आजोबांनी नातवंडांना तसे आश्वासन देण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे.

१७. आमच्या लहानपणी हत्तीवरून फेरी मारता येत असे. आता येते का?

नाही. ती बंद होऊन बरीच वर्षे झाली. शहरातील प्राणिसंग्रहालयांत हत्ती ठेवू नयेत असा निर्णय केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने २००९ मध्ये घेतला. फेरीच हवी असेल तर बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील ‘वनराणी’ ही छोटी रेल्वे चालू आहे का, याची चौकशी करून तो बेत वेगळ्या दिवशी आखावा.

१८. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग बंद असते का?

सर्वसाधारण प्रथा अशी आहे की त्या बुधवारी बाग उघडी ठेवली जाते आणि त्याऐवजी दुसऱ्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, बंद राहते. त्यामुळे खरी फसगत गुरुवारी जाणाऱ्यांची होते. महापालिका त्याची सूचना आधी प्रसिद्ध करते. हा नियम बागेचा आहे, संग्रहालय त्याच दिवशी उघडे असेलच असे गृहीत धरू नये. इतर ठिकाणांच्या सुट्ट्याही वेगवेगळ्या आहेत, तेव्हा जोडीने बेत करताना दोन्हींची स्वतंत्र खात्री करावी.

१९. मुलांनी पडलेल्या बिया आणि पाने गोळा केली तर चालते का?

झाडावरचे काहीही तोडू नये. खाली पडलेले पाहायला, हातात घ्यायला हरकत नाही. घरी नेण्याबाबत मात्र जवळच्या माळीकाकांना किंवा सुरक्षारक्षकांना विचारावे. खरी काळजी वेगळीच आहे. लहान मुले बिया तोंडात घालतात आणि बागेतल्या काही बिया विषारी असतात. रतनगुंजेची बी संपूर्ण लाल असते. तिच्यासारखीच दिसणारी पण एका टोकाला काळा ठिपका असलेली गुंज अतिशय विषारी असते. पिवळ्या कण्हेरीची, म्हणजे बिट्टीची, बी ही तशीच घातक. पूर्वी मुले बिट्ट्यांनी खेळत, म्हणून त्या निरुपद्रवी ठरत नाहीत. तीन वर्षांखालील मुलाच्या हातात कोणतीच बी देऊ नये. एखादी गिळल्याची शंका आली तर लक्षणांची वाट न पाहता, उरलेली बी सोबत घेऊन थेट रुग्णालयात जावे.

२०. गर्दीत मूल हरवले तर काय करावे?

आत शिरतानाच प्रवेशद्वाराजवळचा घड्याळाचा मनोरा मुलांना दाखवून ‘चुकामूक झाली तर येथे’ असे ठरवावे. चार वर्षांखालील मुलाला मात्र ‘जेथे आहेस तेथेच उभा राहा’ एवढेच शिकवावे, कारण शोधत फिरणारे मूल सापडायला अधिक वेळ लागतो. मनगटावर पेनाने मोबाइल क्रमांक लिहावा. तो नावासह लिहू नये, कारण नावाने हाक मारणाऱ्या अनोळखी माणसावर मुले विश्वास ठेवतात. सकाळी निघताना मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढलेला असला की सुरक्षारक्षकांना वर्णन सांगत बसावे लागत नाही. मूल दिसेनासे होताच आधी सुरक्षारक्षकांना सांगावे, म्हणजे दरवाज्यांवर लक्ष ठेवले जाते. घरातल्या एकाने ठरलेल्या जागी थांबावे आणि बाकीच्यांनी शोधावे. लवकर सापडले नाही तर ११२ वर पोलिसांना आणि १०९८ या बाल मदतवाहिनीला कळवावे.

२१. मूल प्राण्यांना घाबरले, आत गेल्यावर पुढे यायलाच तयार नाही. तिकीट फुकट जाऊ द्यावे का?

तिकीट फुकट जात नाही. पिंजऱ्यांकडे पाठ फिरवावी आणि प्रश्न ८ मधील झाडांकडे वळावे. कृष्णवडाचे पान कोणालाही घाबरवत नाही. मग पक्षीविहाराच्या बाहेरून, जमले तर आतून, एक चक्कर मारावी. जबरदस्तीने कडेवर उचलून बिबट्यापुढे नेऊ नये. अशा दिवशी मोठ्या भावंडाला दुसऱ्या पालकाबरोबर प्राणी पाहायला पाठवावे आणि तासाभराने दगडी हत्तीपाशी सर्वांनी एकत्र यावे.